रेडिओ मावशी आणि अ‍ॅनेक्डोट नावाची भानगड

हॉस्पिटल म्हटलं की लोकांना डॉक्टर आठवतात, फार तर नर्स. चारशे खाटांच्या चादरी रोज कोण धुतं हे विचारा, लोक तुमच्या तोंडाकडे बघतात. जणू चादरी आपल्याआपण मळतात आणि आपल्याआपण धुतल्या जातात. त्या धुतल्या जातात तळघरात. तिथे वाफ असते, मशीनचा धडधडाट असतो, आणि एक चौदा फुटी पत्र्याचं टेबल असतं. वरच्या वॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी येतात, ती या टेबलावर सोडायची, एकेक चादर उलगडायची, साधी एका बाजूला, डागाळलेली दुसऱ्या बाजूला. मग पुढे मशीन. या टेबलाशी बावीस वर्षं उभी असलेली बाई म्हणजे आमची रेडिओ मावशी.

सख्खी मावशी ती कुणाचीच नाही. आणि रेडिओ अशासाठी, की बटण कुणाच्याच हातात नाही.

चादरींत काय काय येतं म्हणून सांगू! चमचे, चष्मे, पेनं, थर्मामीटर, एकदा चालू मोबाइल. एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद, त्यावर दातांच्या खुणा इतक्या स्वच्छ की मावशी म्हणाली, "माणूस बरा होऊन घरी गेला, नक्की." प्रत्येक वस्तूची मावशीकडे गोष्ट. सगळ्यांत गाजलेली गोष्ट कवळीची. पहिल्यांदा सांगितली तेव्हा उशीच्या खोळीत दातांची वरची कवळी सापडली होती, बस्स. महिन्याभरात वरची आणि खालची दोन्ही झाल्या. वर्षाने ती कवळी धुण्याच्या मशीनमधून फिरून, वाळवणीच्या मशीनमधून गरमागरम बाहेर पडली, आणि मालकाने ती तशीच तोंडात बसवून "आता चहा नको, पोळलं" असं म्हटलं. लाँड्रीतले लोक पोट धरून हसायचे. खरं किती, खोटं किती, कोण विचारतो?

पण चादरींत सुयाही येतात. इंजेक्शनच्या, वापरलेल्या. मावशीला बावीस वर्षांत चार वेळा टोचली. चारही वेळा रक्त तपासलं, चारही वेळा निकाल साफ. त्याचीही तिने गोष्ट केली होती. "माझ्या रक्तात शिरायला रोगसुद्धा कंटाळतात, म्हणतात ही बोलूच देत नाही."

मग एक दिवस तिच्या सुनेला त्याच टेबलावर नोकरी लागल्याचं पत्र आलं. टेबलावरची दुसरी बाई महिनाअखेर निवृत्त होत होती, तिची जागा. सून दहावी पास, शिवणकामाच्या कारखान्यात होती, तो कारखाना बंद पडला. घरात नोकरी हवीच होती. मावशीने पत्र दोनदा वाचलं आणि त्या दिवसापासून सुईची गोष्ट सांगायची बंद केली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सून त्या टेबलाशी उभी राहणार होती, उघड्या हातांनी. लाँड्रीत हातमोजे मिळायचे, पण भांडी घासायचे, पातळ. त्यातून सुई अशी जाते जशी लोण्यातून सुरी.

मावशी एकटीच वर गेली, अधीक्षकांच्या केबिनमध्ये. मागणी दोन ओळींची होती. वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ सुया टाकायला डबा ठेवा, आणि टेबलावरच्या बायकांना जाड हातमोजे द्या. दोन ओळी! मावशीला लागला पाऊण तास. इथल्या कामगारांच्या संघटनेचं काम मी बघते, पण मला न सांगता गेली, नाहीतर मी तिच्या तोंडाला चिकटपट्टीच लावली असती. अधीक्षक माणूस वाईट नाही, हसरा आहे. त्यांनी खुर्ची दिली, आणि तिथेच घात झाला. खुर्ची मिळाली की मावशीचा रेडिओ थेट प्रक्षेपणावर जातो. सुईवरून चमच्यावर, चमच्यावरून कवळीवर. साहेबांनी डोळे पुसत पुसत ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "मावशी, अ‍ॅनेक्डोट्स तुमचे झकास आहेत. पण कमिटीपुढे अ‍ॅनेक्डोट चालत नाही. तिथे डेटा लागतो."

मावशीने तो शब्द त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतला आणि सुनेला घेऊन तडक आमच्या संघटनेच्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल आणि कायम डुगडुगणारा पंखा.

"ताई, ही शिवी आहे का?"

"नाही."

"मग हसत हसत का दिली?"

माझ्याकडे फुटपाथवरून घेतलेला इंग्रजी शब्दकोश आहे. शेवटची वीसेक पानं नाहीत, पण शब्द 'ए'वरून होता म्हणून आमचं नशीब. काढला. वाचला. अ‍ॅनेक्डोट म्हणजे खऱ्या माणसाच्या बाबतीत घडलेल्या खऱ्या प्रसंगाची छोटीशी, बहुधा मजेशीर गोष्ट.

"छोटीशी?" सून म्हणाली.

"तू गप्प बस गं," मावशी म्हणाली. "खरी आहे असं लिहिलंय ना? मग साहेबांना अडचण काय आहे?"

अडचण शब्दकोशात सापडत नाही. तिथे अर्थ असतो, वापर रस्त्यावर शिकावा लागतो, आणि तो मी शिकलेली आहे. एक साहेब दुसऱ्या साहेबाला जेवताना सांगतो तो अ‍ॅनेक्डोट, तिथे त्याला टाळी मिळते. तोच भाषणाच्या सुरुवातीला सांगितला तर वक्ता रंगतदार ठरतो. पण मजुराने साहेबाला सांगितला की त्याच शब्दाचा वापर 'या आता' असा होतो. साहेबाचा पाय जिन्यावरून घसरला तर तो अनुभव, दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघतं, जिन्याला रबर लागतं. बाईच्या हातात चार वेळा सुई घुसली तर अ‍ॅनेक्डोट! मी हे सगळं बरंच मोठ्याने म्हणाले असणार, कारण शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आत डोकावून पाहिलं.

सून मात्र शब्दकोशावर वाकलेली. "ताई, खाली बारीक अक्षरात अजून आहे. मूळ ग्रीक. मूळ अर्थ, प्रसिद्ध न केलेलं."

"म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे छापून बाहेर न आलेलं."

मावशीने जरा विचार केला. "मग छापा की! त्यात रडायचं काय?"

त्या दिवसापासून यादी सुरू झाली. रकाने चार. तारीख, वेळ, वॉर्ड, वस्तू. नियम सुनेने केला. सापडलेली सुई टेबलाजवळच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात चिमट्याने टाकायची, आणि डब्यात जितकी भर पडली तितकीच नोंद. रोज पाळी सुटायच्या वेळी सून लाँड्रीबाहेरच्या बाकावर वही घेऊन येऊन बसायची, मावशी डबा घेऊन बाहेर यायची. मी एकदोनदा तिथे होते. तो तमाशा तिकीट लावून दाखवण्यासारखा होता.

"काय सापडलं?"

"अगं काय सांगू, सकाळी पहिलंच गाठोडं सोडलं तर आतून असं काहीतरी चकाकलं, मला वाटलं..."

"वस्तू?"

"सुई."

"किती?"

"दोन."

"डब्यात एकच वाढलीय."

"दुसरी पत्र्याखाली गेली असेल. तू दोन लिही."

"दिसली का, आई?"

"आवाज आला."

"आवाजाचा रकाना नाही."

मावशी माझ्याकडे वळली. "बघितलंत, ताई? ही सून नाही, फौजदार आहे. मुलगा म्हणाला होता गरीब आहे, गरीब आहे."

"वॉर्ड कुठला?" फौजदाराने विचारलं.

आता गाठोड्यांवर वॉर्डाचं नाव नसतं. पूर्वी चिठ्ठ्या लावायचे, त्या लिफ्टमध्येच गळून पडायच्या. पण मावशीला चिठ्ठी लागत नाही, ती गाठ बघते. प्रत्येक वॉर्डातून येणाऱ्या गाठोड्याची गाठ वेगळी. बाळंतिणींच्या वॉर्डाची गाठ वेणीसारखी तिपेडी. हाडांच्या वॉर्डाची इतकी आवळलेली, की चादरीलाच प्लास्टर घातलंय. पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डाच्या गाठीला दोन कान आणि एक शेपूट. मुलांच्या वॉर्डाची चपटी, नीट दाबून बसवलेली. टेबलावरच्या सगळ्याच बायकांना हे कळतं, त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. आपल्याला शेजारणीची पावलं ओळखू येतात तसं.

आठवडा झाला की सून यादीची स्वच्छ प्रत काढायची आणि मावशी ती तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला चिकटवायची. शब्दाचा मूळ अर्थ तिने मनावर घेतला होता. पहिली यादी कुणी पाहिली नाही. दुसरी नातेवाइकांनी पाहिली, आणि लोक आपापल्या पेशंटच्या उशा उचलून बघायला लागले. तिसरी मेट्रनने पाहिली. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सची मुख्य. बाई कडक, चालताना तिच्या बुटांचा आवाज आधी पोचतो आणि माणसं उगाच हातातलं काम वाढवतात. तिने यादी टरकावली. मावशीने दुसरी लावली. तिने तीही काढली. मावशीने तिसरी लावली, या वेळी खळीने, इस्त्रीच्या रोलरवर जाणाऱ्या चादरींना लावतात ती घट्ट खळ. ती निघेना. निघाली असती तर भिंतीच्या रंगासकटच. शेवटी साहेबांनी अठ्ठावीस तारखेला कमिटीची बैठक लावली.

आदल्या दिवशी मी मावशीला समोर बसवलं. "हे बघ, उद्या साहेब तुला गोष्ट सांगायला लावतील. सांगितलीस की मेलीस. हसतील, चहा पाजतील आणि परत पाठवतील."

"एखादी बारकी?"

"एकही नाही."

"ताई, तुम्ही माणसाला उपाशी मारता."

बैठकीच्या खोलीत गुळगुळीत टेबल, मध्ये बिस्किटांची बशी. समोर अधीक्षक, मेट्रन आणि एक तरुण डॉक्टर, कमिटीचा सचिव. अलीकडे मावशी, सून आणि मी. साहेबांनी अगदी ठरल्यासारखं केलं.

"या या, मावशी! आधी ती कवळीची होऊन जाऊ द्या. डॉक्टरांनी ऐकली नाही अजून."

मी मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले होते. लहान मुलासमोर मिठाईचं दुकान उघडावं तशी बाईची अवस्था. तिने वही दोन्ही हातांनी धरली, इतकी घट्ट, की नखं पांढरी पडली.

"नोंद एक," मावशी म्हणाली. "पाच तारीख, सकाळी सव्वासात. पुरुष शस्त्रक्रिया. सुई एक."

आणि सुरूच. नोंद दोन. नोंद तीन. आवाज सपाट, बातम्या संपल्यावर हवामान सांगतात तसा. बाराव्या नोंदीला साहेबांनी बिस्कीट उचललं. सतराव्या नोंदीला ती अडखळली.

"हाडांचा वॉर्ड. उशीच्या खोळीत सुई एक आणि बुद्धिबळातला उंट."

"उंट?" डॉक्टर पुढे सरसावला. "तो कसा आला?"

मावशीच्या घशाशी आख्खी गोष्ट आली होती, मला दिसली. तिने ती गिळली. "उंट चुकून नोंदला गेलाय, साहेब. नोंद अठरा."

साहेब म्हणाले, "मावशी, अहो, एखादं उदाहरण दिलंत तरी पुरे."

"उदाहरण म्हणजे अ‍ॅनेक्डोट. ते इथे चालत नाही म्हणालात. नोंद एकोणीस."

एकसष्ट नोंदी तिने वाचल्या. एकही गाळली नाही. चहा आला आणि गार झाला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले, पण या वेळी हसून नव्हे.

मग मेट्रन बोलली. "गाठोड्यांवर नावं नसतात. वॉर्ड कशावरून लिहिलेत?"

"गाठीवरून."

मेट्रनने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी बिस्किटाकडे. "गाठीवरून," मेट्रन म्हणाली. "माझ्या नर्सवर आरोप, आणि पुरावा काय, तर गाठ!"

माझं डोकं फिरलंच होतं. "मग आणा गाठोडी!" मी म्हणाले. "इथे आणा. आत्ता!"

मेट्रन उठली आणि स्वतः गेली. दहा मिनिटांनी एक वॉर्डबॉय तीन गाठोडी घेऊन आत आला. वॉर्डबॉय म्हणायचं, पण याचं वय चोपन्न, केस पांढरे. गाठोडी गालिच्यावर ठेवली, आणि वास असा सुटला की डॉक्टरने बिस्किटांची बशी खिडकीत नेऊन ठेवली. मावशी उठली. पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. "बाळंतिणी." बरोबर. दुसरी. "हाडं." बरोबर. साहेब सरसावून बसले. तिसरी गाठ, दोन कान, एक शेपूट.

"पुरुष शस्त्रक्रिया."

"मुलांचा वॉर्ड," मेट्रन म्हणाली. "मी स्वतः तिथून उचलून आणलंय."

मी ताडकन उठले. "लबाडी आहे ही! गाठ बदलून बांधली असणार!"

"ताई, बसा," मावशी म्हणाली. तिने गाठोड्याशी उकिडवं बसून गाठ उलटसुलट पाहिली. "बदललेली नाही. गाठ त्याचीच आहे." मग मेट्रनला विचारलं, "सिस्टर, माणूस बदललात का?"

"दहा तारखेला. पुरुष शस्त्रक्रियेतला वॉर्डबॉय मुलांच्या वॉर्डात दिला, आणि मुलांच्या वॉर्डातले हे," तिने पांढऱ्या केसांच्या वॉर्डबॉयकडे बोट दाखवलं, "पुरुष शस्त्रक्रियेत."

मावशीने कपाळावर हात मारला. "म्हणजे गाठ वॉर्डाची नसतेच! बांधणाऱ्याची असते. बावीस वर्षं मी वॉर्डाची धरून बसले."

इथे ती गप्प बसली असती तर बरं, असं मला वाटलं. बाजू सावरून घेता आली असती. मी तिचा ॲप्रन ओढलासुद्धा. पण तिने सुनेला विचारलं, "दहा तारखेनंतर पुरुष शस्त्रक्रियेच्या नावावर किती?"

"नऊ."

"आणि मुलांच्या?"

"एकही नाही. आधीही नाही, नंतरही नाही."

"मग त्या नऊ खोड आणि मुलांच्या वॉर्डात लिही."

"मावशी!" मी दबक्या आवाजात ओरडले. "आपलीच यादी आपण खोटी पाडतोय!"

"चुकलंय ते चुकलंय, ताई. पोरीने मला आवाजाची नोंद करू दिली नाही, आणि आता ही करू?"

सुनेने कमिटीसमोर पट्टी लावून नऊ ओळी खोडल्या. मेट्रनचा चेहरा उजळला. "बघा, साहेब! सुया त्या एका माणसाच्या मागे फिरतायत. तो शस्त्रक्रियेत होता तेव्हा तिथे, मुलांकडे गेला तर तिथे. त्यालाच मेमो देते. नर्सचा काही संबंध नाही."

"तो सुई टोचतो का?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग त्याच्या मागे सुया कशा फिरतील? तो तर चादर उचलतो फक्त." तिने पांढऱ्या केसांच्या वॉर्डबॉयकडे पाहिलं. तो मघापासून दाराशी भिंतीला टेकून उभा होता. "मला वेगळंच कोडं पडलंय. दादा, तुमच्या गाठोड्यात कधीच सुई कशी नाही निघत?"

तो चपापला. एवढ्या साहेबांत त्याला कुणी काही विचारेल असं वाटलं नसावं. "मी झटकतो," तो म्हणाला.

"काय झटकता?" साहेबांनी विचारलं.

"चादर. खाटेवरच. सुई पडली की उचलतो." त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली. टेबलावर ठेवली. आत खळखळलं. "भरली की जाळायच्या कचऱ्यात टाकतो. ही या आठवड्यातली."

डॉक्टरने पेनाच्या टोकाने झाकण उघडलं. कुणी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"हातांनी उचलता?" डॉक्टरने विचारलं.

"मग कशाने?"

"मला कधी बोलला का नाहीत?" मेट्रन म्हणाली. आवाज अजून मेट्रनचाच होता, पण बूट निघाल्यासारखा.

"बोललो होतो, सिस्टर, दोन वर्षांपूर्वी. तुम्ही राउंडवर होता. म्हणालात, नंतर बघू." त्याने मावशीकडे पाहिलं. "आणि मला काय हिच्यासारखं रंगवून सांगता येत नाही."

डॉक्टर सुनेच्या वहीत वाकून पाहत होता. "म्हणजे एकसष्ट नाहीत," तो सावकाश म्हणाला. "हे गृहस्थ ज्या वॉर्डात असतात तिथल्या यात धरलेल्याच नाहीत. दहा तारखेपर्यंत ते मुलांच्या वॉर्डात होते. म्हणजे मुलांच्या खाटांवर सुया आधीपासूनच..." मेट्रनने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

पुढचं दहा मिनिटांत झालं. प्रत्येक खाटेजवळ डबा, जी टोचेल तिनेच सुई त्यात टाकायची. लाँड्रीला आणि वॉर्डबॉयना जाड हातमोजे, एक तारखेच्या आत. मेट्रनने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं आणि सही केली. तिच्या बाजूने हे सांगायला हवं, की नंतर तिने एक डबा कमी पडू दिला नाही. मी तिच्याशी भांडायला दोनदा कारण शोधून गेले आणि हात हलवत परत आले.

एक तारीख उजाडली. मी मुद्दाम लाँड्रीत गेले. सून नवा ॲप्रन घालून टेबलाशी उभी, हातात नवेकोरे हातमोजे. जाड म्हणजे किती? वेल्डिंगवाल्याचे असतात तसे. पुरवठादाराने कागदावर 'जाड' वाचलं आणि हात मोकळा सोडला. बोटं वाकवायला दोन माणसं लागतील.

पहिलं गाठोडं आलं. हाडांच्या वॉर्डाचं.

सुनेने गाठ धरली. निसटली. परत धरली. दोन्ही हातांनी ओढली, गाठ अजून आवळली. तिने दातांचा विचार केला असावा, मावशीने डोळे वटारले. बाजूची बाई म्हणाली, "अगं काढ ते मोजे, तेवढी गाठ सोड आणि मग घाल."

"खबरदार!" मावशी ओरडली. मशीनच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं. "एकदा काढले की रोज काढशील."

"मग सोडू कशी, आई? पंधरा मिनिटं झाली. मागे बावीस गाठोडी आहेत."

मावशीने सुनेच्या हातातून मोजे काढून घेतले, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि लिफ्टकडे निघाली. मीही मागोमाग. थेट मेट्रनच्या खोलीत. गाठोडं टेबलावर ठेवलं, मोजे त्याच्यावर.

"सिस्टर, घाला."

"काय?"

"मोजे. आणि ही गाठ सोडून दाखवा."

मला वाटलं, आता हाकलते. पण मेट्रनने घड्याळ काढून ठेवलं, बाह्या वर केल्या आणि मोजे घातले. बाईला हरायची सवय नाही. तिने गाठीला चिमटीत पकडलं, मुठीत पकडलं, शेवटी कोपराने गाठोडं दाबून धरलं. दारात नर्स जमल्या. हसायची कुणाची टाप नव्हती, पण एकीला जोराचा खोकला आला. सात मिनिटांनी मेट्रनच्या टोपीची पिन निसटली.

"कुणी बांधली ही?" ती गरजली.

हाडांच्या वॉर्डाचा वॉर्डबॉय, आडदांड गडी, पुढे आला. "मी. सुटू नये म्हणून बांधतो, सिस्टर."

"हे मोजे घाल आणि सोड."

त्याने घातले. त्याच्याच्यानेही सुटेना. स्वतःची गाठ! कपाळावर घाम आला गड्याच्या. मावशी खुर्चीत आरामात बसली होती, आणि तिच्या तोंडावर मी तो महिनाभर न पाहिलेला उजेड पाहिला. रेडिओ गरम होत होता.

दुपारी सगळ्या वॉर्डांना फर्मान गेलं, की ज्याने गाठ बांधायची त्याने ती हे मोजे घालूनच बांधायची. मोजे घालून कसली गाठ बसते? संध्याकाळपर्यंत गाठोडी इतकी सैल आली की अर्ध्या चादरी लिफ्टमध्येच पसरल्या. लिफ्टवाला खाली येऊन सगळ्यांच्या सात पिढ्या काढून गेला. "लिफ्ट आहे का दोरीवरचं वाळवण?" मावशी त्याला म्हणाली, "दादा, सिस्टरनी नाडीच्या पिशव्या मागवल्यात, उद्यापासून येतायत. आजचा दिवस चादरीवर बसून चालवा." बाकीच्या बायका सैल गाठोडी नुसती झटकून मोकळी करत होत्या. सुनेने पहिल्या दिवसाची गाठोडी सगळ्यांबरोबर संपवली.

पाळी सुटली. सुनेने मोजे काढले, हात घामाने पांढरे, सुरकुतलेले. मावशीने ते स्वतःच्या हातात घेतले आणि दिव्याखाली नेले. तळवा पाहिला, उलटा पाहिला, बोटं एकेक करून वेगळी केली, नखांच्या कडासुद्धा पाहिल्या. बराच वेळ.

"काय शोधताय, आई?" सुनेने विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "काही नाहीये."